स्मृतीचे वस्त्र : प्रादेशिक क्रीडास्मृती, टी-शर्ट आणि पोहरादेवी परिसरातील कापडदुकान

सारांश

आपल्या प्रदेशातील जुन्या खेळाडूंची, संघांची व सामन्यांची आठवण जागविणारे टी-शर्ट विकणे हा स्थानिक वस्त्रव्यवसायाचा एक नवा प्रकार आहे. वरवर पाहता हा केवळ छापील कापडाचा व्यापार वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी सामूहिक स्मृती, छपाईचे तंत्र, बाजारपेठेचे गणित आणि नावावरील हक्क असे चार वेगवेगळे विषय गुंतलेले आहेत. प्रस्तुत लेखात वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे यात्रास्थळ व त्याभोवतीचा वऱ्हाड प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या विषयांचे विवेचन केले आहे. प्रादेशिक क्रीडास्मृतीचा व्यवसाय टिकण्यासाठी भांडवलापेक्षा स्थानिक खेळाच्या इतिहासाची विश्वसनीय नोंद अधिक आवश्यक आहे आणि ही नोंद करण्याची जबाबदारी प्रामुख्याने महाविद्यालयांची आहे, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : स्मरणरंजन, सामूहिक स्मृती, क्रीडा-टी-शर्ट, वऱ्हाड, पोहरादेवी, स्थानिक व्यापार.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी वस्त्र ही गरज भागविताना माणूस चारचौघांत आपली ओळखही सांगत असतो. फेट्याच्या बांधणीवरून माणसाचा मुलूख आणि लुगड्याच्या नेसण्यावरून घराण्याची रीत ओळखण्याचा काळ फार मागे पडलेला नाही. आज ग्रामीण महाराष्ट्रातील तरुण पिढीचा सर्वसाधारण पोशाख जीन्स आणि टी-शर्ट असा झाला आहे. त्यामुळे पोशाखातील प्रादेशिक भेद पुसले गेले, असे अनेकदा म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. पोशाखाचा आकार सर्वत्र एक झाला. परंतु त्याच पोशाखाच्या छातीवर आणि पाठीवर लिहिण्यासाठी एक मोकळी जागा निर्माण झाली. त्या जागेवर काय लिहायचे आणि कोणाचे नाव मिरवायचे, हा प्रश्न म्हणूनच सांस्कृतिक महत्त्वाचा ठरतो.

पोहरादेवी हे मानोरा तालुक्यातील गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश इत्यादी राज्यांतून भाविक येतात. नगाऱ्याच्या आकारातील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाल्यानंतर यात्रेखेरीजच्या दिवसांतही येथे येणाऱ्यांना एक निमित्त मिळाले आहे. अशा ठिकाणी आलेला माणूस काहीतरी आठवण सोबत नेऊ इच्छितो. या वस्तूंमध्ये वस्त्राचे, आणि त्यातही प्रदेशाच्या क्रीडापरंपरेची आठवण देणाऱ्या वस्त्राचे, स्थान काय असू शकते, हे तपासणे उद्बोधक आहे.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. स्मरणरंजन आणि क्रीडावस्त्र यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. वऱ्हाड व विदर्भातील क्रीडास्मृतींचे स्वरूप समजून घेणे.
३. छपाईच्या तंत्रातील बदलाचा स्थानिक दुकानावर होणारा परिणाम विशद करणे.
४. अशा व्यवसायातील कायदेशीर व नैतिक मर्यादा आणि महाविद्यालयांची भूमिका मांडणे.

स्मरणरंजन आणि गतकातरता

इंग्रजीतील ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात प्रथम योजला. घरापासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका व्याधीचे ते नाव होते. पुढे हा शब्द वैद्यकातून बाहेर पडला आणि गेलेल्या काळाविषयीची ओढ असा त्याला अर्थ प्राप्त झाला. मराठीने या एका शब्दासाठी दोन शब्द घडविले, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘गतकातरता’ या शब्दात जे गेले त्याविषयीची व्याकुळता आहे. तर ‘स्मरणरंजन’ या शब्दात आठवणीने मन रमविण्याचा भाव आहे. पहिल्यात वेदना आहे, दुसऱ्यात सुख आहे. बाजारपेठ अर्थातच दुसऱ्या भावावर चालते. वेदना विकत घेण्यास कोणी दुकानात जात नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ साली मांडलेला विचार येथे उपयुक्त ठरतो. त्यांच्या मते माणूस एकटा आठवत नाही. कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांच्या चौकटीत राहूनच तो आठवत असतो. खेळाच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. सामना एकट्याने पाहिला तरी त्याची आठवण गटातच सांगितली जाते. जुन्या सामन्याची खूण असलेला टी-शर्ट हे अशा गटाचे सभासदपत्रच होय. तो अंगावर दिसताच अनोळखी माणूसही ‘तुम्ही त्या सामन्याला होता काय?’ असे विचारू शकतो. दुकानदार कापडाबरोबर संभाषणाची ही संधीही विकत असतो.

नव्या वस्तूला जुन्याची खूण देऊन विकण्याची ही पद्धत मोठ्या कंपन्यांनी केव्हाच अवलंबिली आहे. १९९२ च्या क्रिकेट विश्वचषकात प्रथमच रंगीत पोशाख वापरले गेले. त्या स्पर्धेतील भारतीय संघाच्या गडद निळ्या पोशाखाची आठवण देणारा नवा पोशाख २०२० साली ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर भारतीय खेळाडूंनी परिधान केला. जो संघ १९९२ मध्ये बाद फेरीही गाठू शकला नव्हता, त्याचा पोशाख अठ्ठावीस वर्षांनी लोकप्रिय ठरावा, यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. स्मरणरंजन विजयाचेच असते असे नाही. ते पाहणाऱ्याच्या स्वतःच्या वयाचे असते.

गंजीफ्रॉक, जर्सी आणि वऱ्हाडचा कापूस

टी-शर्ट हा शब्द अलीकडचा असला तरी विणलेले आखूड वस्त्र मराठी माणसाला नवे नाही. आपल्याकडील ‘गंजीफ्रॉक’ या शब्दातील ‘गंजी’ म्हणजे इंग्लिश खाडीतील गर्न्सी या बेटाच्या नावाचे बदललेले रूप होय. तेथील विणलेले अंगरखे खलाशी वापरीत. त्याच्या शेजारच्या बेटाचे नाव जर्सी. खेळाडूच्या पोशाखाला आपण जर्सी म्हणतो ते त्यावरूनच. म्हणजे एका बेटाचे नाव आपल्या आतल्या कपड्याला मिळाले आणि शेजारच्या बेटाचे नाव मैदानावरच्या कपड्याला. ग्रामीण कबड्डीत तर कित्येक वर्षे गंजीफ्रॉक हीच जर्सी होती. पेंटरकडून पाठीवर क्रमांक रंगवून घेतला की संघाचा गणवेश तयार होई.

या वस्त्राचा कच्चा माल मात्र याच भूमीतला आहे. वऱ्हाडचा कापूस रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जात असे आणि ही वाहतूक करणाऱ्यांमध्ये बंजारा समाजाचे तांडे प्रमुख होते. मीठ, धान्य व कापूस यांची ने-आण हा त्यांचा व्यवसाय होता. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि लदणीच्या या व्यापाराची उपयुक्तता झपाट्याने कमी झाली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलात अशा अनेक भटक्या समाजांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्यांच्या पूर्वजांनी येथील कापूस देशभर पोहोचविला, त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज त्याच कापसाचा टी-शर्ट विकत घेतात. तो मात्र बहुधा तमिळनाडूतील तिरुप्पूर येथून विणून व शिवून आलेला असतो. कापूस पिकविणारा प्रदेश आणि त्यापासून मूल्य निर्माण करणारा प्रदेश यांतील हे अंतर वऱ्हाडच्या अर्थकारणातील जुने दुखणे आहे. स्थानिक दुकानात छपाई जरी झाली, तरी मूल्यवृद्धीचा शेवटचा एक टप्पा येथे राहतो, एवढे तरी म्हणता येईल.

वस्त्रावर स्मृती वाहून नेण्याची परंपराही या परिसराला नवी नाही. बंजारा स्त्रियांचे फेटिया, काचळी आणि टुकरी हे पोशाख आरसे, कवड्या, नाणी व रंगीत धाग्यांच्या भरतकामाने सजविलेले असतात. सतत फिरतीवर असणाऱ्या समाजाने आपली मिळकत, कला आणि ओळख अंगावरील वस्त्रातच जपली. कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेव्हा पोहरादेवीस येणाऱ्या ग्राहकाला वस्त्र हे स्मृतीचे साधन असते, हे निराळे शिकवावे लागत नाही.

विदर्भातील क्रीडास्मृती

आता प्रश्न असा की, टी-शर्टवर आणावी अशी कोणती क्रीडास्मृती या प्रदेशाजवळ आहे? या दृष्टीने पाहता विदर्भाची परंपरा समृद्ध आहे.

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली आणि कबड्डीचा परिचय प्रथमच एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर घडला. कबड्डीला आशियाई क्रीडा स्पर्धेत स्थान मिळण्यास पुढे १९९० साल उजाडले. वऱ्हाडातील तरुण त्यापूर्वी चोपन्न वर्षे हा खेळ युरोपात खेळून दाखवून आले होते, ही गोष्ट आजच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

क्रिकेटमध्ये विदर्भाचा संघ १९५७-५८ च्या हंगामात रणजी करंडक स्पर्धेत उतरला. साठ वर्षे हा संघ फारसा कोणाच्या गणतीत नव्हता. २०१७-१८ च्या हंगामात फैझ फझल यांच्या नेतृत्वाखाली आणि चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली त्याने इंदूर येथील अंतिम सामन्यात दिल्लीला नमविले. त्या सामन्यात रजनीश गुरबानी यांनी साधलेली हॅट्‌ट्रिक क्रीडारसिकांच्या स्मरणात आहे. पुढच्याच वर्षी सौराष्ट्राला हरवून संघाने करंडक राखला. २०२४-२५ मध्ये अक्षय वाडकर यांच्या संघाने केरळविरुद्ध नागपूर येथे पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर तिसऱ्यांदा विजेतेपद मिळविले. त्या हंगामात हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम केला. खापरखेड्याजवळील वलनी येथील कोळसा खाण कामगाराचे चिरंजीव उमेश यादव २०११ साली कसोटी क्रिकेट खेळले. या सर्व घटनांत आठवण व्हावी असे पुष्कळ काही आहे.

तिसरी स्मृती शंकरपटाची. विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट विशेष प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा वैध ठरला. प्राण्यांना होणाऱ्या यातनांचा प्रश्न यात गंभीर आहे आणि तो दृष्टीआड करता येणार नाही. तथापि मधल्या सात वर्षांत, जो खेळ पाहता येत नव्हता त्याची आठवण मात्र जोडीच्या व धुरकऱ्याच्या नावानिशी सांगितली जात होती, हेही खरे आहे.

चौथी स्मृती सर्वांत व्यापक आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे गावोगावच्या व तांड्यांवरच्या स्पर्धांची. जयंती, पोळा, यात्रा किंवा सुगीनंतरचा मोकळा काळ अशा निमित्तांनी कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने भरतात. त्यांत नाव गाजविणारे खेळाडू पंचक्रोशीत पिढीभर ओळखले जातात. परंतु त्यांच्या विजयाची नोंद बहुधा ग्रामपंचायतीच्या कपाटातील ढालीवर किंवा एखाद्या घरातील काळवंडलेल्या छायाचित्रातच शिल्लक असते. मुलींच्या संघांची तर तेवढीही नोंद अनेकदा सापडत नाही.

छातीवर कोणाचे नाव?

गावपातळीवर क्रीडा-टी-शर्ट आज दिसत नाही असे नाही. उलट तो सर्वत्र दिसतो. दहीहंडीची पथके, गणेश मंडळे, क्रिकेट स्पर्धा यांसाठी टी-शर्ट छापून घेण्याची पद्धत रूढ झाली आहे. मात्र हे टी-शर्ट बहुधा कोणीतरी ‘दिलेले’ असतात. देणाऱ्याचे नाव व छबी मोठी असते; गावाचे वा संघाचे नाव एका कोपऱ्यात येते; आणि खेळाडूचे नाव मुळीच नसते. निवडणुका जवळ आल्या की हे प्रमाण वाढते. अशा टी-शर्टवर खेळाडूचे अंग हे दुसऱ्याच्या प्रसिद्धीचा फलक बनते.

विकत घेतलेल्या टी-शर्टची गोष्ट निराळी आहे. ग्राहक स्वतःचे पैसे मोजून एखादे नाव निवडतो तेव्हा ते नाव त्याला आपले वाटत असते. स्थानिक दुकानातील प्रादेशिक क्रीडा-टी-शर्ट या अर्थाने छातीवरील जागा देणगीदाराकडून काढून गावाला परत देतो. प्रस्तुत विषयाचे खरे महत्त्व येथे आहे.

महाराष्ट्रात या बाबतीत कोल्हापूरचे उदाहरण मार्गदर्शक आहे. तेथील फुटबॉल पेठापेठांतील तालमींच्या आधाराने वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही नावे राजर्षी शाहू स्टेडियमवर जमणाऱ्या हजारो प्रेक्षकांच्या दृष्टीने केवळ संघांची नावे नाहीत. ती त्यांच्या पेठांची नावे आहेत. मुळात कुस्तीसाठी असलेल्या तालमीने फुटबॉलचा संघ उभारला आणि पेठेची अस्मिता त्या संघाच्या रंगात उतरली. त्यामुळे संघाचा पोशाख घालणारा समर्थक कोणत्याही कंपनीची जाहिरात करीत नसतो, तो स्वतःचा पत्ता सांगत असतो. याउलट २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमधील यू मुंबा आणि पुणेरी पलटण या संघांचे पोशाख लोकप्रिय झाले ते दूरचित्रवाणीमुळे. हे दोन्ही संघ महाराष्ट्राचे असले तरी त्यांच्या चिन्हांवर मालकी व्यावसायिक संस्थांची आहे. विदर्भाच्या वाट्याला कोल्हापूरसारखी पेठांची अखंड परंपराही आली नाही आणि या लीगमधील फ्रँचायझी संघही आला नाही. पराक्रम झाला, परंतु त्याला वस्त्र मिळाले नाही, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

छपाईचे तंत्र आणि लहान स्मृती

हे वस्त्र आता लहान गावातही मिळू शकते, याचे कारण छपाईच्या तंत्रातील बदलात आहे. टी-शर्टवर छपाई करण्याच्या तीन पद्धती सध्या प्रचलित आहेत.

पहिली स्क्रीन प्रिंटिंगची. यात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र जाळी तयार करावी लागते. जाळीचा खर्च एकदाच होतो. म्हणून शंभर-दोनशे नग एकाच चित्राचे काढले तरच तो परवडतो. सुती कापडावर ही छपाई चांगली टिकते. दुसरी पद्धत सब्लिमेशनची. कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णतेखाली वायुरूप होऊन धाग्यात शिरतो. यामुळे छपाईचा हाताला स्पर्श जाणवत नाही आणि ती उडतही नाही. परंतु हे केवळ पॉलिएस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिक्या रंगावरच साधते. मैदानावरच्या झुळझुळीत जर्सी याच पद्धतीने तयार होतात. तिसरी पद्धत डीटीएफ या नावाने ओळखली जाते. चित्र प्रथम एका पारदर्शक फिल्मवर छापून त्यावर चिकट भुकटी पसरतात आणि नंतर उष्ण दाबाने ते कापडावर उतरवितात. ही पद्धत सुती, मिश्र, गडद अशा कोणत्याही कापडावर चालते. मुख्य म्हणजे तिच्यात एक नग आणि शंभर नग यांच्या दरडोई खर्चात फार मोठी तफावत राहत नाही.

या तांत्रिक फरकाचा सांस्कृतिक परिणाम मोठा आहे. स्क्रीन प्रिंटिंगच्या काळात ज्याचे शेकडो चाहते तोच खेळाडू टी-शर्टवर येऊ शकत असे. साहजिकच देशभर गाजलेली चार-दोन नावे सर्वत्र दिसत. आता बारा जणांच्या एखाद्या जुन्या कबड्डी संघासाठी बाराच टी-शर्ट काढणे शक्य झाले आहे. स्मृती लहान असली तरी ती वस्त्रावर येऊ शकते. मानोरा, दिग्रस किंवा कारंजा येथील एखाद्या कापडदुकानदाराने उष्ण दाबाचे एक यंत्र बसविले आणि फिल्म शहरातून छापून आणली, तरी त्याचे काम भागते.

व्यवसायाची खरी अडचण वेगळीच आहे. कपड्याच्या धंद्यात भांडवल अडकते ते मापांत. एका चित्राचे पाच मापांत आणि तीन रंगांत नग ठेवायचे म्हटले तर पंधरा प्रकारचा माल होतो. दहा चित्रे असतील तर दीडशे प्रकारचा. मधली मापे खपतात आणि टोकाची मापे उरतात. म्हणून कोरे टी-शर्ट साठवून मागणीप्रमाणे चित्र उतरविणे हाच स्थानिक दुकानाला मानवणारा मार्ग होय. कापडाचे वजन दर चौरस मीटरला १८० ग्रॅमच्या आसपास असले तर सुती टी-शर्ट विदर्भाच्या उन्हाळ्यात जाड वाटत नाही आणि धुतल्यावर बेढबही होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला असल्याने या मालावरील कराचा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा राहिलेला नाही. रामनवमीची यात्रा, सेवालाल महाराजांची १५ फेब्रुवारीची जयंती आणि शाळा-महाविद्यालयांचे क्रीडामहोत्सव असे विक्रीचे हंगाम ठरलेले असल्याने मागणीचा अंदाजही बांधता येतो.

हक्क आणि मर्यादा

स्मृती सर्वांची असली तरी चिन्हे सर्वांची नसतात. क्रिकेट संघटना व लीगमधील संघ यांची बोधचिन्हे व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये संरक्षित असू शकतात. त्यांची परवानगीविना छपाई करणे हा गुन्हाही ठरू शकतो. छायाचित्रांच्या बाबतीत स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क अबाधित राहतो. याचा अर्थ १९३६ साली प्रसिद्ध झालेले छायाचित्र आज वापरण्यास मोकळे आहे. २०१८ च्या विजयाचे छायाचित्र तसे नाही. हयात खेळाडूचे नाव वा चेहरा विक्रीसाठी वापरताना त्याची संमती घेणे हे कायद्याच्या तसेच सौजन्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. गाव, वर्ष, धावसंख्या वा निकाल या वस्तुस्थितींवर मात्र कोणाचीही मालकी नसते. स्थानिक दुकानाची सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत अर्थपूर्ण सामग्री हीच आहे.

नैतिक मर्यादाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. बंजारा भरतकामाचे छायाचित्र टी-शर्टवर छापून विकले तर ते स्वस्त पडेल. परंतु ज्या स्त्रियांच्या बोटांतून ती कला आली त्यांना त्यातून काहीच मिळणार नाही. त्याऐवजी बाहीच्या टोकाला किंवा खिशावर हाताने केलेली एक पट्टी लावली तर किंमत वाढेल, पण मोबदलाही योग्य हातात पडेल. तसेच पोहरादेवी हे प्रथम श्रद्धास्थान आहे. संतांची प्रतिमा घामाने भिजणाऱ्या क्रीडावस्त्रावर घ्यावी की नाही, याचा निर्णय दुकानदाराने विक्रीच्या गणितावरून घेणे योग्य नव्हे. श्रद्धेची वस्त्रे आणि खेळाची वस्त्रे यांत अंतर राखणे दोघांच्याही हिताचे आहे.

नोंदीचा प्रश्न आणि महाविद्यालयांची भूमिका

वरील विवेचनातून असे दिसून येते की, कापड उपलब्ध आहे, तंत्र परवडणारे झाले आहे आणि यात्रेच्या रूपाने बाजारही आहे. उणीव आहे ती मजकुराची. टी-शर्टवर छापण्यासाठी वर्ष हवे, ठिकाण हवे, संघातील नावे हवीत, निकाल हवा. रणजी करंडकाच्या बाबतीत हे सर्व सहज मिळते. गावच्या कबड्डी संघाच्या बाबतीत ते वयोवृद्धांच्या बोलण्यात असते आणि त्यांच्याबरोबरच नाहीसे होते. नोंद नसेल तर दुकानदार काय छापणार? ‘आमचा विदर्भ’, ‘वऱ्हाडी वाघ’ अशी कोणालाही लागू पडणारी घोषवाक्ये. अशी घोषवाक्ये कोठेही छापता येतात आणि म्हणूनच ती कोठल्याच गावाची नसतात. नोंदीविना केलेले स्मरणरंजन हे अखेर रिकाम्या अभिमानात परिणत होते, आणि रिकामा अभिमान कोणीही आपल्या कामासाठी भरून घेऊ शकतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीचा या भागातील जिल्हास्तरीय क्रीडा-इतिहास अकोल्याच्या नावाने मोडतो. वाशीमच्या खेळाडूने १९८० साली मिळविलेले पदक शोधायचे तर ते अकोल्याच्या यादीत पाहावे लागते. अशा प्रशासकीय बदलांमुळेही स्थानिक स्मृती विखुरते. ती एकत्र करण्याचे काम दुकानदाराच्या आवाक्यातील नाही. ते महाविद्यालयांच्या आवाक्यात निश्चितच आहे. या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. शारीरिक शिक्षण व इतिहास विभागांनी संयुक्तपणे परिसरातील जुन्या खेळाडूंच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करावे. पदवी स्तरावरील क्षेत्रकार्य प्रकल्पासाठी हा विषय योग्य आहे.
२. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातील ढाली, चषक, प्रमाणपत्रे व छायाचित्रे यांची यादी करून त्यांच्या प्रतिमा जतन कराव्यात. मुलींच्या संघांची माहिती आवर्जून मिळवावी.
३. वाणिज्य विभागाने स्थानिक कापड व्यावसायिकांना व्यापारचिन्ह, स्वामित्वहक्क आणि करविषयक प्राथमिक माहिती देणारी कार्यशाळा घ्यावी.
४. नोंद झालेल्या संघांच्या नावे टी-शर्ट काढल्यास विक्रीतील ठरावीक वाटा त्या गावच्या क्रीडा साहित्यासाठी राखण्याचा लेखी करार महाविद्यालय, ग्रामपंचायत व दुकानदार यांनी करावा.

समारोप

प्रादेशिक क्रीडास्मृतीचे टी-शर्ट विकणारे दुकान हा एका अर्थाने लहानसा व्यवसाय आहे. त्याने वऱ्हाडचे अर्थकारण बदलणार नाही. परंतु एखादा प्रदेश आपल्या कोणत्या माणसांना लक्षात ठेवतो, हे त्या दुकानातील मांडणीवर नजर टाकताच कळू शकते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे होते. ही नावे आज ताजी आहेत. आणखी वीस वर्षांनी ती कोणाच्या छातीवर असतील, हे आज त्यांची आणि त्यांच्या आधी गावोगावच्या मैदानांवर खेळून गेलेल्यांची नोंद आपण कशी ठेवतो, यावर अवलंबून राहील. पोहरादेवीसारख्या ठिकाणी, जेथे एका समाजाने आपला इतिहास शतकानुशतके वस्त्रावर वाहून आणला, तेथे हे काम सुरू होण्यास अनुकूल भूमी आहे. आधी वही, मग वस्त्र, हा क्रम मात्र पाळला गेला पाहिजे.